आधी खोड सांगणारी निलाक्का

निलाक्का घर दाखवायला आली की कुलूप काढण्याआधी दारातच त्या घराची खोड सांगायची. "उन्हाळ्यात हितं पंख्याचं वारं बी गरम येतंय. शेजारचं म्हातारं पहाटं लई खोकतंय. बोअरचं पाणी जड हाय, डाळ लवकर शिजत न्हाई. आता चला आत." एवढं ऐकल्यावर गिऱ्हाईक परत फिरेल असं कुणालाही वाटावं. पण लोक आत जात, घरभर हिंडत, आणि बहुतेक वेळा तेच घर घेत. मी हे समोरच्या टपरीवरून अनेकदा पाहिलं आणि दर वेळी माझा चहा कडू झाला.

तिचं माझं नातं एकच होतं. बिदरात आम्ही दोघं घरं आणि प्लॉट दाखवायचा धंदा करत होतो, आणि मी तिच्यावर जळत होतो.

निलाक्का मूळची मन्नाएखेळ्ळीची. माहेर-सासर दोन्हीकडं मेंढरं राखणारी माणसं. नवरा लवकर गेला, तेव्हा मुलीला घेऊन ती बिदरच्या मैलूर भागात आली आणि दोन म्हशींवर दुधाचा रतीब घालू लागली. बारा-पंधरा वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ लोकांच्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहिल्यावर कुठली खोली रिकामी होणार, कुठल्या भिंतीला ओल आहे, कुठली घरमालकीण भाडेकरूला पाण्यावरून छळते, हे तिला आपोआप कळायचं. गावोगावचे लोक पोरांच्या शिक्षणासाठी बिदरला येऊन राहू लागले, तसे ते तिला खोली विचारू लागले. म्हशी विकल्या आणि हेच काम झालं. तिला अक्षर येत नव्हतं. मराठी, कन्नड आणि दखनी मात्र ती सारख्याच ठसक्यात बोलायची, आणि तिन्हींत खोड आधी सांगायची.

मी पुण्यात तीन वर्षं एका बिल्डरच्या ऑफिसात होतो. तिथलं बघून गावी परतलो आणि मैलूरच्या रस्त्यावर काचेच्या दाराचं दुकान टाकलं. कॉम्प्युटर, डिजिटल कॅमेरा, दोन मोबाईल. गिऱ्हाईकानं खुर्चीत बसायचं आणि पडद्यावर वीस घरं बघायची. नवं घर आलं की शंभर जणांना एका वेळी मेसेज जायचा. बिदरात असं तेव्हा कुणी करत नव्हतं. पहिले सहा महिने लोक नुसतं बघायला यायचे.

ते सगळं फुकट गेलं असं मी म्हणणार नाही. मस्कतला नर्स असलेल्या एका बाईनं मी ईमेलनं पाठवलेल्या फोटोंवरून आईसाठी घर घेतलं आणि ती म्हातारी अजून तिथं सुखात आहे. निलाक्काला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "बरं केलास. माजे पाय काय तिथवर जायलेत?" तिच्या बोलण्यात कुठं टोचणी आहे का हे मी बराच वेळ शोधत बसलो. मला सापडली नाही, याचाही राग आला.

खरा राग दुसऱ्याच गोष्टीचा होता. माणसं माझ्याकडं तासभर बसायची, फोटो बघायची, चहा प्यायची आणि उठताना म्हणायची, "बरंय. जरा निलाक्काला इचारून सांगतो." माझ्याच दुकानातलं घर, मीच काढलेला फोटो, आणि विचारायचं तिला. मग मी लोकांना हळूच सांगू लागलो, की बाई अडाणी आहे, कागदपत्रांतलं तिला काही कळत नाही, उद्या फसाल. ते तिच्या कानावर गेलं. भेटल्यावर ती एवढंच म्हणाली, "खरं हाय की. कागद मला कळत न्हाई. म्हनून कागदासाठी मी लोकांना वकिलाकडं धाडते." मी मान हलवली आणि रस्ता ओलांडून निघून गेलो.

मग हुलसूरचे गुरुजी आले. निवृत्त शिक्षक, अंगात पांढरा सदरा, बोलणं हळू. त्यांच्या बायकोची डावी बाजू लुळी पडली होती. दवाखाना जवळ हवा, पायऱ्या नकोत, एवढंच त्यांचं मागणं होतं. माझ्याकडं नाल्याकडच्या गल्लीत एक घर होतं. नवं, फरशी चकचकीत, दारात एकही पायरी नाही. हिवाळ्यात काढलेले फोटो दाखवले. बाईंना घेऊन हिंडणं गुरुजींना जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी पडद्यावरच घर पसंत केलं आणि या वेळी निलाक्काचं नाव निघालं नाही. त्या दिवशी मी घरी जिलेबी नेली.

दुसऱ्या दिवशी निलाक्का दुकानात आली. पहिल्यांदाच आली. खुर्ची दिली तरी उभीच राहिली.

"अण्णा, ते नाल्याकडचं घर गुरुजीला देयलास म्हनं?"

"व्हय. कामून?"

"मोठा पाऊस झाला की तितं गुडघाभर पाणी शिरतंय. मी दूध घालताना बघितलेलं हाय. बाई उठू शकत न्हाई. त्यांना देऊ नको."

"दुसरं घर कुठाय मग? तुमच्याकडं असंल."

"हाय. दोन गल्ल्या सोडून."

झालं. मला जे ऐकायचं होतं ते मी ऐकलं. गिऱ्हाईक पळवायला आली आहे. "गुरुजींना सांगतो," मी म्हणालो. तिनं विश्वास ठेवला आणि गेली. मी सांगितलं नाही. गुरुजी बायकोला घेऊन त्या घरात राहायला आले.

पोळा होऊन आठवडा झाला होता. दुपारी चारच्या सुमाराला आभाळ फुटल्यासारखा पाऊस लागला. साडेचारला माझा मोबाईल वाजला. पडद्यावर नाव आलं, गुरुजी. मला कळलं फोन कशासाठी आहे, आणि कळलं म्हणूनच मी उचलला नाही. पुन्हा वाजला. मी आवाज बंद करून तो टेबलावर पालथा ठेवला. साधा फोन असता तर कुणाचा आहे हे कळलं नसतं आणि मी उचलला असता. माझ्या त्या यंत्रानं मला तोंड लपवायला जागा दिली. पण लपलो मी.

पाच वाजता मात्र राहवेना. छत्री घेऊन गेलो. गल्लीच्या तोंडाशी पाणी मांडीपर्यंत आलं होतं. निलाक्का साडीचा काचा मारून पुढं चालत होती आणि तिच्या मागं चार माणसं खाटेसकट गुरुजींच्या बायकोला उचलून आणत होती. बाईंच्या डोक्यावर निलाक्कानं घमेलं धरलं होतं. गुरुजींच्या हातात औषधांची पिशवी होती. माझा फोन लागेना म्हणून त्यांनी किराणा दुकानदाराला गाठलं होतं. त्यानं निरोप कुणाला धाडावा हे विचारलंसुद्धा नव्हतं.

गुरुजींना आणि बाईंना तिनं स्वतःच्या घरी नेलं. मी दारात उभा राहिलो. गुरुजी माझ्याकडं बघत म्हणाले, "तुम्हाला या पाण्याची कल्पना नसेल."

निलाक्का चुलीपाशी होती. तिनं वर बघितलं. मला वाटलं, आता ती बोलेल. तिनं बोलावं असंच मला वाटत होतं, म्हणजे तिच्याशी भांडता आलं असतं. ती म्हणाली, "फोटूत पाणी कुठं दिसतंय, गुरुजी? चा घ्या."

गुरुजींना खरं मीच सांगितलं, पण चौथ्या दिवशी. ते म्हणाले, "तुम्ही माझे विद्यार्थी असता तर मला वाईट वाटलं असतं." त्यानंतर ते माझ्या दुकानात कधी आले नाहीत.

तेव्हापासून घर बघायला मी स्वतः जाऊ लागलो, पावसातही. फोटोखाली खोड लिहू लागलो. धंदा बरा चालला. जळणं मात्र गेलं नाही, उलट वाढलं. आधी तिच्या गिऱ्हाइकांवर जळत होतो, आता ती चुलीपाशी जे बोलली त्यावर जळू लागलो. तसं बोलणं मला जमलं नसतं.

पुढं चार-पाच वर्षांनी तिची मुलगी पुण्याला नोकरीला लागली आणि आईला बोलावून घेऊ लागली. निघायच्या आधी निलाक्का माझ्याकडं आली. "दोन दिवस माज्यासंगं चाल," म्हणाली. मैलूरपासून तिनं मला दारोदार नेलं. प्रत्येक घरी तेच वाक्य, कधी मराठीत, कधी कन्नडात. "मी जायलेय. आता घराचं ह्याला सांगा." कुठं चहा, कुठं ताक. एका म्हाताऱ्या घरमालकानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि तिला म्हणाला, "बरं. फोटू ह्यो काढंल. भाडेकरू तू येऊन बघून दे."

परतताना मी विचारलं, "अक्का, तुमची सगळी माणसं मलाच कामून देयलाव? मी तुमच्यावर किती जळलो ते तुम्हाला माहीत हाय."

"माहीत हाय की," ती चालता चालता म्हणाली. "ज्याला कामातलं कळतंय त्योच जळतंय. बाकीचे म्हनायचे, निलाक्काचं नशीब चांगलं हाय. तू एकटाच कधी नशीब म्हनला न्हाईस."

ती पुण्याला गेली. वर्षाच्या आतच पुण्याहून तिच्या मुलीचा निरोप आला. अक्का झोपेत गेली होती.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर माणसं येऊ लागली. घर विचारायला नव्हे. काचेचं दार ढकलून येत, जरा वेळ बसत आणि जात. मन्नाएखेळ्ळीहून आलेला एक जण मला ओळखत नव्हता. त्यानं विचारलं, "अक्का तुमची कोन लागायची?"

गुरू म्हणावं, तर तिनं मला कधी बसवून शिकवलं नव्हतं. वैरीण म्हणावं, तर ते वैर इतकी वर्षं मी एकट्यानंच चालवलं होतं.

"अक्काच लागायची," मी म्हणालो, आणि त्याला बसायला खुर्ची दिली.