अष्टमीचा रविवार आणि येसूबाईची खाणावळ

येसूबाईनं मला हरवलं, हे मी आजवर दोन-तीन माणसांपुढेच कबूल केलं आहे. आता वय झालं, लाज बाळगून काय करायचं?

एकोणीसशे चौसष्ट साली मी पालघरजवळच्या माहीमच्या किनाऱ्यावरच्या एका विश्रामगृहाचा मॅनेजर झालो. सुरूच्या बनात सहा खोल्या, पुढे व्हरांडा, त्याच्यापुढे समुद्र. मुंबईची मंडळी शनिवारी पालघर स्टेशनात उतरायची, टांग्यानं आमच्याकडे यायची, शिरगावचा किल्ला बघायची, केळव्याच्या शितळादेवीला जायची आणि सोमवारी परत. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झाल्यावर तिथले इंजिनियरही सुट्टीला यायला लागले. माझी व्यवस्था चोख होती. चादरी परीटघडीच्या, टांगे वेळेवर. फक्त जेवण जमत नव्हतं. मी मूळचा वाईचा. मासळीतलं मला काही कळत नसे, आणि कळत नाही हेही कळत नसे.

येसूबाई मांगेलआळीतली, मच्छीमारांच्या वस्तीतली. नवरा महादू तापानं गेला, तेव्हापासून डोक्यावर पाटी घेऊन ती पालघरपर्यंत मासळी विकायची. माझ्या आधीच्या मॅनेजरनं तिला आमच्याच जागेत, कुंपणाच्या कडेला, मांडव घालू दिला होता. आधी ती नुसता चहा देई. मग कुणीतरी भाकरी मागितली, कुणी कालवण मागितलं, आणि बघता बघता खाणावळ झाली. माझ्या जेवणघरात ताटं मांडलेली असायची आणि माझे पाहुणे तिच्या मांडवाबाहेर जागा रिकामी होण्याची वाट बघत उभे असायचे. माझा जळफळाट होई.

मी मालकांना पत्र लिहिलं. मांडवामुळे वास येतो, विश्रामगृहाची शोभा जाते, तरी तो हलवण्याची परवानगी मिळावी. मालक प्रतापराव मुंबईचे, मासे खाणाऱ्या घरातले. त्यांचं उत्तर आलं: 'दहा जणांना घेऊन येतो. शनिवारी दुपारी तुमच्याकडे जेवू, रविवारी दुपारी बाईकडे. मग ठरवू.'

माझं पत्र, मालकांचं उत्तर आणि तारीख तिला सांगायला मी गेलो. तिनं बोटांवर काहीतरी मोजलं आणि तिचा चेहरा उतरला. तिची जाऊ शकू शेजारी बोंबील निवडत होती, तीही थांबली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय नाय," येसूबाई म्हणाली. "येऊ द्या."

रविवारी अष्टमी होती, हे मला नंतर समजलं. अष्टमीच्या आगेमागे समुद्राला भांग असतो, म्हणजे पाण्याला ओढ नसते. इथली जाळी पाण्याच्या ओढीवरच भरतात. ओढ नाही तर मासळी नाही. अख्ख्या किनाऱ्याला हे ठाऊक होतं, मला सोडून. शुक्रवारी बाजारात गेलो तर पाट्या रिकाम्या. मग मी डोकं चालवलं. मुंबईला निरोप धाडून बर्फातले पापलेट मागवले.

शनिवारी पाहुणे उतरले. जेवणं झाली, सगळ्यांनी पापलेटची तारीफ केली. मी हवेत होतो. एवढ्यात उद्या माणसं किती, हे विचारायला येसूबाई व्हरांड्याशी आली. मालकीणबाई, हंसाबाई, कौतुकानं म्हणाल्या, "तुमच्या माहीमचे पापलेट म्हणजे काही औरच हो."

येसूबाईनं ताटातल्या उरलेल्या तुकडीकडे पाहिलं. ती गप्प राहिली असती. पण हंसाबाईंनी पुन्हा विचारलं, "कुठल्या होडीचे?"

"विचारलंत म्हणून सांगते. हे होडीचे नायत," ती म्हणाली. "तुमी ज्या गाडीनं आलात, त्याच गाडीनं आलेत."

प्रतापराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी मोरीकडे निघून गेलो. तिचा असा राग आला होता की काय सांगू. म्हटलं, थांब, उद्या तुझी पाटीही रिकामीच असणार आहे.

आणि ती होतीच. सकाळी मी मुद्दाम मांडवाकडे चक्कर मारली. शकू रडकुंडीला आली होती. "तू पन ममईची मागव ना," ती म्हणत होती. "नायतर पावन्यांला काय सुकं घालशील?"

मांगेलआळीत पहिल्यांदा घरी आलेल्या पाहुण्याला सुकी मासळी वाढत नाहीत. वाढणाऱ्याचं नाक कापलं जातं. घरच्यांनी अडीअडचणीला खायची ती वस्तू. येसूबाई चुलीपुढे बसली होती, पेटलेली लाकडं उगाच पुढेमागे करत. मांडव गेला तर पुन्हा डोक्यावर पाटी, पुन्हा पालघरची पायपीट. तिची भीती मला दिसली, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. असा माणूस होतो मी.

दुपारी पाहुणे आले. ती मांडवाच्या तोंडाशी उभी राहिली.

"शेट, आज भांग हाय. ताजी मासळी नाय. खोटी आनून घालनार नाय. आमी घरात खातो ते सुकं हाय. खानार असाल तर बसा, नायतर राग नाय."

मग हंसाबाईंनी चप्पल काढली आणि पाटावर जाऊन बसल्या. त्यांच्यामागून सगळे.

वालाच्या बिरड्यात सोडे, म्हणजे सोलून सुकवलेली कोळंबी. निखाऱ्यावर भाजलेल्या सुक्या बोंबलाची कांदा घालून केलेली चटणी. तव्यावरून थेट पानात तांदळाची भाकरी. मग भाकरी पुरेनात. शकू थापायची, येसूबाई भाजायची, तरी पानं रिकामी. प्रतापरावांनी चौथ्यांदा सोडे मागितले, तेव्हा बायकोनं डोळे वटारले आणि स्वतःही घेतले. शेवटी त्यांनी मला हाताला धरून बसवलं. मी खाल्लं. खाल्लं आणि संपलो. दोन वर्षं मी कुंपणापलीकडून या बाईवर जळत होतो आणि एकदाही तिच्या हातचं जेवलो नव्हतो.

हात धुताना प्रतापराव म्हणाले, "बाई, मांडव राहील. विश्रामगृहाचं जेवणघरही तुम्हीच चालवा."

दुसरी असती तर पाया पडली असती. येसूबाई म्हणाली, "जेवनघर चालवीन. पन शेट, शब्दावर नको. मागच्या म्यानेजरचा शब्द होता, ह्यांनी एका पत्रात उडवला. जागा माझ्या नावानं लिवून द्या."

प्रतापरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

महिन्याभरात पालघरच्या कचेरीत भाडेपट्टा झाला. मालकांबरोबर मीही गेलो होतो. आपल्या बाजूचा साक्षीदार म्हणून तिनं आळीतल्या कुणाला आणलं नव्हतं. "तुमीच करा सही," ती मला म्हणाली. कारकुनानं कागद लिहिला. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी मोठ्यानं वाचला: 'येसूबाई, महादू यांची विधवा, धंदा मासळी विकणे.'

"ते नाय," ती म्हणाली.

"काय नाही?"

"पाटी दोन वर्सांमागं उतरवली मी. खानावळवाली लिवा."

खाडाखोड चालत नाही, असं कारकून कुरकुरला. ती जागची हलली नाही. बाकावरची माणसं बघायला लागली. अखेर त्यानं नवा कागद घेतला आणि पहिल्यापासून लिहिलं. मी पुन्हा वाचला. 'धंदा खाणावळ' हे शब्द तिनं माझ्याकडून दोनदा वाचून घेतले. मग शाईत अंगठा बुडवून तिनं तो कागदावर असा दाबला की टेबल हललं. माझ्या हातात टाक देत ती सगळ्यांदेखत म्हणाली, "आता हलवा मला, म्यानेजरभाव."

मी सही केली. आयुष्यात इतक्या आनंदानं मी दुसऱ्या कुठल्याच कागदावर केली नाही.