सरासरीतली दुपार

२० एप्रिल. मुलाच्या लग्नाची पत्रिका छापायला टाकण्याआधी कार्यालय पाहून यावं म्हणून मी अमरावतीहून अकोल्याच्या एसटीत बसले. लग्न मे महिन्यात, भर दुपारी, पत्र्याच्या मांडवात.

शेजारची जाडजूड बाई एका जागी टिकत नव्हती. गाडी वळली की ऊन चुकवायला पलीकडच्या बाकावर जायची, बाटलीतल्या पाण्यानं ओढणी भिजवून डोक्यावर घ्यायची, पुन्हा माझ्याशेजारी यायची. चैन मलाही नव्हतं. मी मोबाइलवर हवामानाचा तक्ता उघडून बसले होते.

"काय पाहून राहिल्या?" तिनं विचारलं.

"मे महिन्याचं सरासरी तापमान. तसं सोसण्यासारखं आहे. सासूबाई नव्वदीच्या आहेत, त्यांना मांडवात बसायचंय."

"यात रातचं बी धरलं असन ना, बाई?"

मी पाहिलं. धरलं होतं.

"मंग म्हातारी मांडवात बसन का सरासरीत?" असं म्हणून ती मूर्तिजापूरला उतरून गेली.

अकोल्यापर्यंत मी नुसते दुपारचे आकडे पाहत राहिले. बघवत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्याह्यांची कुरकुर फोनवर ऐकून घेतली, गुरुजींकडून संध्याकाळचा गोरज मुहूर्त काढून घेतला आणि मगच पत्रिका छापायला दिली.