माझ्या वाट्याची थप्पड

पाटलाच्या नातवाचं उत्तर चुकलं, माझं बरोबर आलं, आणि गुरुजी मला म्हणाले, "तू खांबाला मार."

दिग्रसकडच्या आमच्या गावातल्या शाळेचा रिवाज असा होता, की ज्याचं उत्तर बरोबर त्यानं चुकलेल्याचं डाव्या हातानं नाक धरायचं आणि उजव्या हातानं गालात द्यायची. बामणाचं पोर कुणब्याच्या पोराला द्यायचं, कुणब्याचं तेल्याच्या पोराला. सगळे हसायचे. माझा हात मात्र कुणाच्या गालाला लागायचा नव्हता. मी महाराची. म्हणून व्हरांड्याचा सागवानी खांब. मी त्याला चापट मारायची, वर्ग खिदळायचा, आणि पुढचं गणित सुरू.

माझं चुकलं की खांब नसायचा. तेव्हा पोरं गुरुजींच्या टेबलावरचा रूळ घेऊन यायची. लाकडाला विटाळ नसतो ना. पाठीवर वळ घेऊन घरी जायची मी. मग ठरवलं, चुकायचंच नाही. मला गाल हवा होता. पाटलाच्या नातवाचा, तुपानं पोसलेला. हे लिहिताना लाज वाटायला हवी म्हणे. नाही वाटत.

गुरुजींना गणिताचं वेड होतं, खोटं कशाला सांगू. मी चौथीत होते त्या वर्षी दिवाळीनंतर त्यांनी शाळेत कुस्त्यांसारखी पाढ्यांची दंगल भरवली. पटांगणात चुन्यानं जादूचे चौकोन आखले. उभे मिळवा, आडवे मिळवा, बेरीज एकच. घागरीत चिंचोके किती, याचा अंदाज बांधायचा खेळ मांडला. अख्खं गाव लोटलं. आमच्या वस्तीतले लोक पटांगणाबाहेर, लिंबाखाली. माझे माय-बा तिथेच उभे. आदल्याच वर्षी आम्ही घरातले जुने देव नाल्यात सोडून बुद्धाचे झालो होतो. गावाच्या लेखी आम्ही तेच.

शेवटी पाढ्यांत मी आणि पाटलाचा नातू एवढे दोघे उरलो. गुरुजींनी विचारलं, "चौदा औट?" औटकी, म्हणजे साडेतिनाचा पाढा. कापूस वेचताना मी तोच घोकायची. तो म्हणाला, बेचाळीस. मी म्हणाले, एकोणपन्नास.

टाळ्या पडल्या. गुरुजींनी सवयीनं खांबाकडे बोट दाखवलं.

मी हलले नाही.

"सवाल खांबाले कोठं इचारला होता, गुरुजी?"

मी पाटलाच्या नातवासमोर गेले. डाव्या हातानं नाक धरलं. उजव्या हातानं दिली. आजवर खांबाला मारलेल्या सगळ्या त्या एका थपडेत घातल्या. त्याच्या गालावर माझी बोटं उमटली. तो रडला. मला जे वाटलं त्याला आनंदच म्हणतात.

मग गाव उठलं. पाटलानं माझ्या बाला पुढं बोलावून बजावलं, पोरीला पाया पडायला लाव, नाहीतर वस्तीतल्या कुणाला शेतात पाऊल टाकू देणार नाही. बा म्हणाला, "पोरीचं गनित चुकलं काय? नाई ना. मंग पाया कायले पडन थे?"

त्या वर्षीची कापसाची सगळी वेचणी आमच्या वस्तीनं लांबच्या गावी पायपीट करून केली. बाला कुणी बोल लावला नाही.

दंगलीच्या दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाल्यावर गुरुजींनी जाहीर केलं, की मुलांनी मुलांना मारणं वाईट. आजपासून कुणी कुणाच्या गालाला हात लावायचा नाही. जिंकणाऱ्यासाठी सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. इतकी वर्षं पोरांचे गाल लाल होत होते तेव्हा ते वाईट नव्हतं. माझा हात पडला आणि शाळेला एका रात्रीत दया सुचली.

पोरांनी लगेच टाळ्या वाजवून दाखवल्या. मी वाजवल्या नाहीत.

मी मनाशी पक्कं केलं. रिवाज बदला, खेळ बदला, वाटलं तर रोज नवा नियम करा. या शाळेत पहिला नंबर मी आता दुसऱ्या कुणाला मिळू देणार नाही. पाटलाच्या नातवानं रोज माझ्यासाठी टाळ्या वाजवायच्या. तळहात लाल होईपर्यंत.