मशीनच्या पोटातलं धान

राईस मिल चालवणारा माणूस तुम्हाला एक गोष्ट आपणहून सांगत नाही. तुम्ही धान आणता, समोर उभं राहून भरडून घेता आणि तांदळाचं पोतं बांधून नेता. पण त्या पोत्यातले पहिले दोन-अडीच किलो तुमच्या शेतातले नसतात. तुमच्याआधी जो आला, त्याचं धान मशीनच्या पोटात राहिलेलं असतं, ते तुमच्यात येतं. तुमचं शेवटचं राहतं, ते पुढच्याला जातं. वजन सगळ्यांचं बरोबर भरतं, म्हणून कोणी विचारत नाही.

मला कोणी विचारलं तर मी सांगते. पोंभुर्ण्याच्या रस्त्यावर वडिलांची ही मिल मी बावीस वर्षांपासून चालवते आहे, आणि चांगली चालवते. सुरुवातीला लोक मशीनवर बाई बघायला यायचे. पट्टा सुटला की हसत उभे राहायचे, मी तो चढवला की हसणं आवरून आपलं पोतं पुढे सरकवायचे. आवाजावरून सांगते कोणता रबरी रोल झिजला ते. तांदूळ तुटून कनकी जास्त पडायला लागली तर गिऱ्हाइकाच्या आधी मला कळतं. तेव्हा पुढची चूक माझ्या हातून झाली, हे लिहिताना मला आजही स्वतःचा राग येतो.

मिलपासून सात-आठ किलोमीटर आत जंगलाला लागून एक गोंड गाव आहे. हलकं, म्हणजे लवकर पिकणारं धान कापून झालं की तिथं नवं खाण्याचा दिवस ठरतो. घराघरातून एकेक पायली नवं धान गोळा होतं, त्याचा तांदूळ होतो, तो आधी गावच्या देवाला, मग माणसांना. तोवर कोणीही नव्या दाण्याला तोंड लावत नाही, लेकरंसुद्धा नाहीत. त्या तांदळात दुसऱ्या कुठल्या मातीतला दाणा चालत नाही. पूर्वी बाया हे धान उखळात कांडायच्या. मग माझ्या वडिलांनी त्या गावच्या पुजाऱ्याला, ज्याला तिथं भुमक म्हणतात, शब्द दिला होता की देवाचं धान काढायच्या आधी मशीन पार रिकामं करून देईन. वडील गेल्यावर तो शब्द माझ्याकडे आला आणि मी तो पाळत होते.

रिकामं करायचं म्हणजे काय, तर धान खालच्या खड्ड्यात ओततात, तिथून छोट्या डबड्यांचा पट्टा ते वर उचलून नेतो. खड्ड्याच्या तळाशी एक लोखंडी झाकण असतं. ते उघडायचं, कुंच्यानं तळ झाडायचा, मग मशीन रिकामं फिरवायचं. अर्ध्या तासाचं काम. देवाचं धान यायचं होतं त्या दिवशी सकाळी मी ते केलंही होतं. गावची मंडळी यायच्या आधी एका व्यापाऱ्याचं गेल्या वर्षीचं जुनं धान आलं, ते पुन्हा झाडून घेऊ म्हणून काढलं. मग लाईन गेली. दुपारी लाईन आली तेव्हा दारात पोत्यांची रांग लागली होती आणि भुमकाबरोबरच्या दोघी बाया सकाळपासून बसून होत्या. सकाळी झाकण उघडलं होतं एवढंच माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मधल्या व्यापाऱ्याचं जुनं धान मी साफ विसरले. वरची झाकणं उघडून झटकली आणि देवाचं धान ओतून टाकलं.

ती मंडळी पोतं घेऊन गेली. तासाभरानं पट्टा अडकला म्हणून मी तळाचं झाकण उघडलं. हातात धान आलं ते नवं, ओलसर वासाचं, हिरवट झाक असलेलं. तेव्हा आठवलं, सकाळच्या झाडणीनंतर इथं व्यापाऱ्याचं जुनं साचलं होतं आणि त्यानंतर मी हे झाकण उघडलंच नव्हतं. आता ते नव्हतं, याचा अर्थ एकच होता. ते वर चढून त्या पोत्यात गेलं होतं.  तशीच तिथं उकिडवी बसून राहिले, मागून कोणीतरी हाका मारत होतं तरी.

नवरा बल्लारपूरला नोकरीला. त्याला फोन लावला. तो माणूस वाईट नाही, उलट माझ्यापेक्षा शांत आहे. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू सांगू नको. तुझ्या मिलसाठी नाई म्हणत मी. त्यांच्यासाठीच म्हणून राह्यलो. उद्या सकाळी त्यांची पूजा आहे. आता सांगशील तर सगळं पुन्हा करा लागन त्यांले. त्यांच्या मनाले काऊन त्रास देतं?"

हे बोलणं मला पटलं, हीच अडचण होती. चांगुलपणाचं कारण मिळालं की माणूस फार पटकन गप्प बसतो. मी पाचेक मिनिटं खरोखर गप्प बसले. चहा मागवला. मग माझ्या लक्षात आलं की मी त्यांच्या वतीनं ठरवून मोकळी झाले आहे. देव त्यांचा, धान त्यांचं, नियम त्यांचा. त्रास करून घ्यायचा की नाही हे ते ठरवतील. माझ्याकडे फक्त बातमी होती, आणि ती दाबून ठेवणं म्हणजे उद्या ते जे वाढतील त्यात माझं खोटं कालवणं होतं. चहा तसाच ठेवला, मिल बंद केली. रांगेतले लोक वैतागले. वैतागू दिलं.

चार वाजून गेले होते. त्या रस्त्याला वाघाच्या बातम्या होत्या, पाचनंतर एकटं कोणी जात नाही. गाडीचा हॉर्न वाजवत गेले.

गावात देवाच्या जागेसमोर बाया सारवत होत्या. भुमक बाजूला बसून पानांच्या पत्रावळी लावत होता. सत्तरी ओलांडलेला, कमी बोलणारा माणूस. मी गाडी लावली आणि प्रस्तावना न करता सांगितलं, "भाऊ, माझ्या हातून चूक झाली. खालचं झाकण उघडायचं राहिलं. तुमच्या देवाच्या तांदळात व्यापाऱ्याचं जुनं धान गेलं."

सारवणारे हात थांबले. भुमकानं विचारलं, "किती गेलं?"

"दोन-अडीच किलो असेल."

"कोन्या गावचं?"

"माहीत नाही. बाजारातलं."

तो पत्रावळीकडे वळला. बोलली ती सकाळपासून माझ्या दारात बसलेली म्हातारी. शेणाचा हात तसाच धरून उठली आणि माझ्यासमोर आली. "आता काऊन सांगून राह्यली? घरी चूप बसाचं होतं ना! लेकरं आठ दिवसांपासून नव्यासाठी थांबून आहेत. आमाले का मालूम झालं असतं?"

 एवढंच म्हणाले, "मला माहीत होतं ना, बाई." ती वळून एका पोरीला म्हणाली, "उखळ काढ."

पुन्हा घराघरातून धान आलं, या वेळी पायली नाही, ओंजळभर. चार घरची मुसळं बाहेर निघाली. मी पदर खोचून पुढे झाले. वाटलं, निदान हातभार लावावा. भुमकानं हात आडवा केला. "तुमचा हात नाई लागाचा, बाई. तुमी बसा."

बसले. आयुष्यभर मशीन हाकणारी मी तिथं एका ओट्यावर हातांची घडी घालून बसले आणि त्या बाया घामाघूम होऊन कांडत होत्या. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. मिलचा तांदूळ त्यांनी टाकला नाही, वेगळा ठेवला. देवाला कांडलेला दाखवून झाल्यावर हा घरी खायला चालेल म्हणाले. निघताना कोणी मला रागानं बोललं नाही आणि कोणी बसा जेवून जा असंही म्हणालं नाही. दोन तरुण मोटरसायकलवर मला रस्त्यापर्यंत सोडायला आले.

त्या हंगामात त्या गावचं घरगुती धानही माझ्याकडे आलं नाही. पुढच्या फाट्यावर तेव्हा नवी मिल लागली होती, चकाचक, काट्यावर लाल आकडे दिसणारी. त्या गावचा ट्रॅक्टर माझ्या दारावरून तिकडे जायचा. मी बाहेर उभी असले तर पोतं धरून बसलेला पोरगा ओळखीचा हात वर करायचा, मी पण करायची. एक-दोनदा मनात आलं की गप्प बसले असते तर हा ट्रॅक्टर माझ्याकडे वळला असता. खोटं कशाला लिहू? आलं होतं मनात. पण मिलच्या भिंतीवर, गिऱ्हाईक जिथं उभं राहतं तिथं, मी खडूनं लिहून ठेवलं की मागच्याचं थोडं धान मशीनमध्ये राहतं, कोणाला वेगळं हवं असेल तर आधी सांगावं. नवरा म्हणाला, "असं कोनी दुकानावर लिहिते का?" मी म्हटलं, मी लिहिते. काही जणांनी वाचून कपाळाला आठ्या घातल्या. बियाण्याचं धान वेगळं ठेवणारे दोघं-तिघं मात्र तेव्हापासून खास माझ्याकडे येतात.

वर्ष गेलं. हलकं धान कापून झालं आणि एका सकाळी ट्रॅक्टर माझ्या दारात थांबला. भुमक उतरला. मागे तीच म्हातारी, मांडीवर पोतं धरून.

मी विचारलंच, कारण मला मनात ठेवता येत नाही. "भाऊ, तिकडची मिल नवीन आहे. इकडे कसे?"

तो ओट्यावर टेकला. "गेलो होतो कालच. त्या मिलवाल्याले विचारलो, बाबू, मशीनच्या पोटात मागच्याचं किती रायते? तो म्हने, काईच नाई रायत."

"मग?"

"मग का? पोतं उचललो अन् वापस आलो."

म्हातारी हसली. तिला दात कमीच होते. माझे डोळे भरून आले आणि ते लपवायला मी पाना घेऊन खड्ड्यात उतरले. बोल्ट सैल केले, झाकण काढलं आणि कुंचा हातात घेतला. मग काय वाटलं कोण जाणे, बाजूला झाले आणि भुमकाला म्हणाले, "भाऊ, तुम्हीच बघा."

तो बाही सारून खाली बसला, कोपरापर्यंत हात आत घातला आणि मूठभर धान काढून माझ्यासमोर धरलं.

"हे कोनाचं?"

"तुमच्या आधीच्याचं."

"बरं," तो म्हणाला, आणि पुन्हा हात आत घातला.