घोड्यांची सव्वीस मिनिटं

लेबरेश्ट पाल्म बर्लिनच्या लष्करी मुख्यालयात रेल्वेखात्याचा आरेखक होता. युद्ध झालंच तर कुठली गाडी कुठून किती वाजता सुटेल, याच्या तिरप्या रेघा तो वीस वर्षं कागदावर ओढत होता. त्यातलं अवाक्षरही घरी बोलायची बंदी होती. बायको ओटिली शेजारणींना सांगायची, "आमचे हे रेघोट्या मारतात. कशाच्या ते त्यांनाही ठाऊक नसावं."

एका जानेवारीत ती दोघं रोडेनाऊला तिच्या भावाकडे गेली होती. हिन्रिकची तिथे बिअरची भट्टी होती. त्याच्या घोड्यापुढे कुणीतरी नवी बादली ठेवली. घोड्याने ती हुंगली, मग तो फुरफुरला, त्याने मान फिरवली आणि बऱ्याच वेळाने तोंड घातलं. लेबरेश्टने खिशातलं घड्याळ काढलं. रोडेनाऊ स्टेशनात घोडदळाच्या गाड्यांना पाण्यासाठी पंधरा मिनिटं त्यानेच दिली होती, तीही छावणीतल्या हौदाच्या हिशेबाने. डब्यात कुठला आलाय हौद?

रविवारी त्याने हिन्रिकचे सहा घोडे मालगाडीच्या रिकाम्या डब्यात चढवले. ओटिलीच्या हातात बादल्या दिल्या आणि स्वतः घड्याळ घेऊन उभा राहिला.

"लोक चर्चला चाललेत आणि मी घोड्यांची मोलकरीण," ती म्हणाली. "डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"थांबू नकोस. पुढचा घोडा."

"सव्वीस मिनिटं," शेवटी तो घड्याळाकडे बघत म्हणाला.

मुख्य आरेखकाची जागा त्याला एप्रिलमध्ये मिळायची होती. नवी योजनाही एक एप्रिललाच लागू व्हायची. अकरा मिनिटं वाढली की मागची प्रत्येक गाडी सरकणार, म्हणजे सगळ्या मार्गाचे कागद नव्याने काढायचे. तरी सोमवारी तो खात्याच्या मेजरसाहेबांपुढे उभा राहिला.

साहेबांनी विचारलं, "ही चूक कुणाकुणाला माहीत आहे?"

"फक्त मला, साहेब."

"मग गप्प बसायचं होतं, पाल्म."

"घोडे पहिल्याच दिवशी बोंब मारतील, साहेब."

साहेब हसले नाहीत. जागा दुसऱ्याला गेली. लेबरेश्टने सगळे कागद पुन्हा काढले, बोटांना भेगा पडेपर्यंत, आणि ते एकतीस मार्चला टेबलावर ठेवले. बढती का हुकली, हे ओटिलीला तेव्हा कळलं नाही. ती मात्र वर्षभर टोमणे मारत राहिली. "असा माणूस मी दुसरा पाहिला नाही," म्हणायची.

चार वर्षांनी ऑगस्टमध्ये युद्ध पेटलं. कागद बाहेर पडले आणि आरेखकांना काम उरलं नाही. लेबरेश्ट रजा घेऊन रोडेनाऊला आला. ओटिली फलाटावर सैनिकांना कॉफी देत होती.

घोडदळाची गाडी ठरल्या मिनिटाला आली. दारं सरकली, बादल्या आत गेल्या. घोड्यांनी पाणी हुंगलं, ते फुरफुरले, थांबले. कुणी घाई केली नाही. शेवटच्या घोड्याने मान वर केली आणि शिट्टी झाली.

ओटिलीने स्टेशनच्या घड्याळाकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. तो ओठांतल्या ओठांत मोजत होता.

"सव्वीस," ती म्हणाली. "तो रविवार. आणि ती बढती."

"कॉफी गार होतेय, ओटिली."

तिने किटली खाली ठेवली आणि चारचौघांत, लग्नाच्या वीस वर्षांत पहिल्यांदाच, त्याचा हात धरला. पुढची गाडी यायला नऊ मिनिटं होती, हे त्याने तिला सांगितलं नाही. तिने आपणहून पुढच्या घोड्यांसाठी बादली उचलली.