साडूंचा सकर

आमचे थोरले साडू हा माझ्या आयुष्यातला कायमचा मनस्ताप आहे. माणूस वाईट असता तर सोयीचं झालं असतं. पण भोरला एसटी स्टँडच्या मागे एवढ्याशा गाळ्यात बसून टीव्ही, मिक्सर, इन्व्हर्टर दुरुस्त करणारा हा गृहस्थ इतका भला आहे, की त्याच्यावर जळायलासुद्धा मला एकांत शोधावा लागतो. धंदा माझाही तोच. नसरापूरला माझं दुकान आहे, दार काचेचं आहे, पाटीला दिवे आहेत. तरी वेल्ह्याचा माणूस बिघडलेला बोर्ड घेऊन माझ्या दारावरून भोरला जातो, आणि वर मला रामराम घालतो.

बोर्ड हातात आला की साडू आधी डोळे मिटून त्याचा वास घेतात. मग म्हणतात, पॉवर सप्लाय गेलाय. आणि तो गेलेलाच असतो. मी एकदा दार लावून एक बोर्ड हुंगून पाहिला. मला फक्त झुरळांचा वास आला. वास झाला की त्यांच्या खिशातून सकर निघतो. सकर म्हणजे जाड पेनाएवढा हातपंप. दट्ट्या दाबून ठेवायचा, पार्टच्या पायाशी असलेलं सोल्डर, म्हणजे डाख, तापलेल्या गनने वितळवायचं, पंपाचं टोक टेकवून बटण दाबायचं. टक्क करून सोल्डर आत, पाय मोकळा. कुठल्याही दुकानात मिळणारी वस्तू. साडूंच्या सकराचा तर निळा रंगही उडालाय आणि बुडाला चिकटपट्टी गुंडाळलीय. पण त्यांच्या हाताखाली चाळीस पायांची आयसी चिप झोपलेलं मूल उचलावं तशी अलगद उठते.

हा सकर ते लग्नालाही खिशात घालून येतात. आमच्या मेहुण्याच्या हळदीला ॲम्प्लिफायर बंद पडला. माझं दुकान शंभर पावलांवर होतं, तरी सगळा मांडव साडूंकडे वळला. गाणं पुन्हा सुरू झालं तेव्हा आमची ही म्हणाली, दाजींचा हात बघा जरा. हात कसला, पंप चांगला आहे, असं मी रागाने बोलून गेलो. वाईट हे, की पुढे माझाच त्यावर विश्वास बसला.

गेल्या महिन्यात एका सकाळी भोंगवलीकडच्या एका डेअरीवाल्याने दुधाचं फॅट मोजायचं मशीन माझ्याकडे आणलं. उद्या सकाळच्या दुधाला ते चालू पाहिजे, जमत नसेल तर भोरला नेतो, असं तो सरळ तोंडावर म्हणाला. भोरचं नाव ऐकून मी छातीठोकपणे हो म्हटलं. आणि तासाभरात, सांगायला लाज वाटते, भोरलाच गेलो. सहज आलो म्हणून चहा प्यालो, साडू हात धुवायला उठले, आणि निळा सकर माझ्या पिशवीत गेला.

दुकानात येऊन मी आयसीला हात घातला. तीन पाय सुटले. चौथ्याला बोर्डावरची तांब्याची पट्टीच सोलून वर आली. पंप तोच, हात मात्र माझा. आता मशीन घेऊन भोरला जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

संध्याकाळी साडूंनी बोर्ड पाहिला. खणातून एक नवा पिवळा सकर काढला, आणि गनने जुन्या सोल्डरवर आणखी ताजं सोल्डर चढवलं. काढायचंय तर घालताय कशाला, असं मी विचारलं.

"जुनं सोल्डर आडमुठं असतं, पावणं. ताजं मिसळलं की ते बी पातळ हुतं. तुमी नुसतं तापवत बसता, मग पट्टी उचलती."

इतकी वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून बघत होतो, पण बघत होतो पंपाकडे. त्यांनी आयसी बदलली, उचललेल्या पट्टीच्या जागी केसासारखी तार जोडली, आणि मशीनचा दिवा लागला. मग मी पिशवीतून निळा सकर काढून टेबलावर ठेवला. चुकून आला, एवढं वाक्य मी वाटेत पाठ केलं होतं. ते साडूंनी बोलूच दिलं नाही.

"ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. सकाळी दिसंना तवा हिनं समदा गाळा धुंडाळला. म्या सांगितलं, पावण्यास्नी दिलाय."

म्हणजे मी एसटीत पिशवी पोटाशी धरून चोरासारखा बसलो होतो, तेव्हा इकडे ती वस्तू माझी होऊनही गेली होती. धड चोरही होऊ दिलं नाही या माणसाने मला. त्या क्षणी मला ते फार आवडले, आणि त्याबद्दल त्यांचा फार रागही आला.

दुसऱ्या दिवशी पहाटे डेअरीवाल्याने मशीन लावून पाहिलं. खूश होऊन म्हणाला, "तुमच्या हाताला गुण हाय. भोरला गेलो न्हाई ते बरं झालं." साडूंचं नाव अगदी जिभेवर आलं होतं. मी मान हलवली आणि ते गिळून टाकलं. अजून ते कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.