रंगावर आवळलेली पट्टी

मी पोलीस ठाण्यात फौजदार होतो तेव्हाचं हे प्रकरण. पनवेलजवळच्या एका कारखान्यात दसऱ्याची सुट्टी संपली आणि पहिल्याच पाळीत एक कामगार मशीनला हात लावताच विजेच्या धक्क्यानं जागीच गेला. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली, पंचनामा केला. शेजारचं तसलंच दुसरं मशीन मात्र धडधडत होतं.

"ते बंद करा," मी मॅनेजरला म्हटलं.

"त्याला काय झालंय, साहेब? ऑर्डर अडलीय."

विद्युत निरीक्षक दुसऱ्या दिवशी येणार होते. त्याआधी ते मशीन बंद पाडायला माझ्या हातात काही कारण नव्हतं.

ठाण्यात पोचतो तोच निनावी फोन आला. "वायरमनला विचारा. मयताशी त्याचं वाजलं होतं. सुट्टीआधी मशीनच्या अर्थिंगपाशी तोच बसला होता."

वायरमन जवळच्याच ओवे गावचा. चौकशीला आणला, तर त्याचं एकच पालुपद. "अर्थिंगची पट्टी आवळलेली हाय, साहेब. जाऊन बगा." मशीनमध्ये उतरलेली वीज जमिनीत नेणारी ती पट्टी खरंच जागेवर होती, मी स्वतः पाहिली होती. मग धक्का बसला कसा? हवालदार म्हणाले, "साहेब, दोन ठेवून द्या, बोलेल." मी त्यांना बाहेर पाठवलं. मारानं माणूस बोलतो, पण आपल्याला हवं तेच बोलतो.

चहा मागवला. "भांडण कशावरून?"

"रंगावरून. मी निळा म्हनत व्हतो, तो हिरवा." आणि तो ढसाढसा रडायला लागला.

खंडेनवमीच्या पूजेला दोघांनी मशीन रंगवलं होतं. हौस दांडगी! मयतानं पट्टी काढून तिच्या खालच्या लोखंडावरही रंगाचा जाड हात मारला आणि यानं वरून पट्टी आवळली. रंगामुळे पट्टी लोखंडाला टेकलीच नव्हती.

"आधी का नाही बोललास?"

"मेलेल्यावर आळ आला असता, साहेब. त्याच्या बायकोला कंपनीनं दमडी दिली नसती."

माझ्या मनात मात्र भलतंच आलं. "किती मशीनं रंगवली?"

"दोन्ही."

मॅनेजर फोन उचलेना. जीप काढली. कळंबोलीच्या ट्रकांच्या रांगेत अडकलो, तेव्हा मी ड्रायव्हरवर विनाकारण खेकसत होतो. कारखान्यात शिरताच ओरडलो, "मेन स्विच पाडा!"

मशीनवरचा माणूस दचकून वळला. "बरं झालं, साहेब. सकाळपासून हाताला मुंग्या येतायत. सुपरवायझर म्हणाला, गमबूट घाल."

दुसऱ्या दिवशी निरीक्षकांनी रंग खरवडला, मग केबल उकलली. मोटारचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हपासून मोटारपर्यंत जाळीचं आवरण आणि स्वतःची अर्थिंगची तार असलेली केबल हवी होती. वायरिंगच्या ठेकेदारानं तीन तारांची साधी केबल ओढली होती. आत मोटारचं इन्सुलेशन गेलेलं. सगळी भिस्त त्या एका पट्टीवर! केबलमध्ये अर्थिंगची तार असती, तर रंगानं कुणाचा जीव गेला नसता.

गुन्हा ठेकेदार आणि मॅनेजरवर दाखल झाला. वायरमन साक्षीदार झाला. मयताच्या बायकोला भरपाई मिळाली, तेव्हा तो तिच्यासोबत होता.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत माझा पहिला प्रश्न 'कोणी केलं?' हा कधीच नव्हता. गुन्हेगार उद्याही सापडतो. मी आधी विचारायचो, 'आणखी कुठे झालंय?' कारण तिथे अजून कुणीतरी जिवंत उभं असतं.